सदतिसावी ओळ

मिनेसोटा, १२ सप्टेंबर

प्रिय एमेट,

तू बरा असशील. मीही ठीक. आईने रुबार्बच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पाठवल्या आहेत. एक तुझी, तू भेटलास की द्यायची. मामाच्या दुकानात तू आता ट्रॅक्टरची चाकंही एकट्याने बसवतोस म्हणे. "कॉलेज नाही झेपलं, पण हात चांगला आहे पोराचा," असं तिचं म्हणणं.

ते 'नाही झेपलं' मला खोडायचं आहे.

कॉलेजात माझं काम आकड्यांचं, एवढंच तुला माहीत आहे. नेमकं सांगते. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी नव्या मुलांची मोजणी होते. त्यानंतर कुणी सोडून गेलं तर ते गळतीत धरतात. त्याआधी गेलं, तर तो मुलगा आलाच नव्हता. गळती कमी दिसली की कॉलेजचा क्रमांक वर जातो. म्हणून कोण टिकणार नाही याची यादी आधीच हवी असते. ती मी करते, पहिल्या आठवड्यात तुम्ही भरलेल्या प्रश्नावलीवरून.

नववा प्रश्न आठवतो? 'आपण इथले नाही असं वाटतं का?' बहुतेक मुलं 'कधीच नाही' लिहितात. तू 'रोज' लिहिलंस.

मग विद्यार्थ्यांच्या सल्लागार हॅस्केलबाईंनी तुला बोलावलं. "वर्षभर घरी जा, बाळा. कॉलेज काय पळून जातंय?" त्यांच्यापुढे माझी यादी होती.

यादीत नावं नसतात, क्रमांक असतात. तुझा मला पाठ होता, कारण त्याच क्रमांकाचं तुझं ग्रंथालयाचं कार्ड मीच आणलं होतं. सदतिसावी ओळ. ती गाळणं म्हणजे लबाडी, असं मी स्वतःला सांगितलं. यादी दिली त्याच्या आदल्याच दिवशी तू रसायनशास्त्रात ८१ मिळाले म्हणून मला कँटीनभर शोधत आला होतास.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात तू म्हणालास, "मला डोकंच नाही, मामा. सगळं ही मारेन घेऊन गेली." सगळे हसले. मी बटाटे पुढे सरकवले.

यंदाच्या यादीआधी मी गेल्या वर्षीची, तुझं नाव घालवणारी, तपासली. एकेचाळीस जणांना बोलावलं होतं. एकोणतीस गेले. बारा हटून बसले, त्यातले दहा आज दुसऱ्या वर्षाला आहेत. आमच्या प्रमुखांना दाखवलं. म्हणाले, "मारेन, तू मोज. अर्थ आम्ही लावू."

यादी मी दिलेली नाही. उद्या प्राध्यापकांच्या सभेत हे आकडे वाचून दाखवणार आहे. नोकरी बहुधा जाईल. त्यांच्याआधी तुला लिहिणं भाग होतं, वर्ष उशिरा का होईना.

परत ये म्हणायचा हक्क मला नाही. पण 'डोकं नाही' असं पुन्हा म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय.

बरणी टपालाने पाठवू, की घ्यायला येशील?

यादी करणारी,
तुझी बहीण
मारेन