हॉलंडच्या इंटरव्ह्यूचा बंदोबस्त

३ जून
आजपासून रोजनिशी. अक्षरांशी माझी ओळख नाही. लहानपणीच सार्डिनच्या कारखान्यात गेले, मासे मोजायला शिकले, तेवढंच शिक्षण. पण माफाल्दाने, म्हणजे नातीने, फोनमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलते, तो लिहितो. बरं झालं. सूड घ्यायचा म्हणजे नोंद हवी.

सूड सेआब्राबाईंवर. युनिव्हर्सिटीत पोरांना करिअरचा सल्ला देतात. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. औषध देत नाहीत, पण आमच्याकडे पदवी घेतली की माणूस डॉक्टर होतो. माफाल्दा अन्नशास्त्र शिकून डॉक्टर झाली. तिला ही बाई म्हणाली, "इथे पगार नाही, हॉलंडला जा." घरात आम्ही दोघीच. बाईने एका वाक्यात अर्धं घर रिकामं केलं.

४ जून
मेट्रोने पोर्तो शहरात, बाईंच्या ऑफिसात. खडसवायला. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "आजी, नातीचा अभिमान वाटत असेल ना?" वाटतो म्हटलं. विचारल्यावर खोटं कसं बोलणार? परत आले. आज फक्त पाहणी केली असं धरायचं.

१० जून
हॉलंडच्या चीज कंपनीचा इंटरव्ह्यू ठरला. पुढच्या मंगळवारी, कंप्युटरवर. शेजारची ओर्तेन्सिया म्हणाली, "अगं, पोरीने नशीब काढलं. तुझंच तोंड का व्हिनेगर प्यायल्यासारखं?" हिचा नातू बँकेत, दोन गल्ल्या सोडून राहतो. तिने तरी बोलू नये.

१२ जून
बंदोबस्त सापडला.
सेआब्राबाई पोरांना शिकवतात: नम्र राहा, पगाराचं नाव काढू नका, दोष विचारला तर 'मी जरा जास्तच काम करते' म्हणा. मी जेवताना माफाल्दाला म्हटलं, "हे तर सगळेच बोलतात. तू आधी पगार विचार. पाचला मी घरी जाणार, असं बजाव. साहेब चुकला तर तोंडावर सांग. दोष विचारला तर खरा सांग. हट्टी आहेस, सकाळी कुणाशी धड बोलत नाहीस."
ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."
गुणी पोर. कारखान्यात मी मुकादमाला एकदाच तोंडावर बोलले होते. दुसऱ्या दिवशी घरी बसले. ही तासाभरात बसेल. बाईंच्या सल्ल्याचा मुडदा पडेल आणि पोर इथेच राहील. एका दगडात दोन.

१७ जून
इंटरव्ह्यू. दाराआड उभी राहिले. इंग्रजी येत नाही, पण 'नो' कळतो. माफाल्दा बऱ्याचदा 'नो' म्हणाली. पलीकडचा माणूस हसत होता. हाकलायच्या आधी सभ्य माणसं हसतात. निर्धास्त झोपायला हरकत नाही.

२३ जून
सेंट जॉनचा सण. आज सगळं गाव प्लास्टिकचे हातोडे घेऊन एकमेकांच्या डोक्यात मारतं, आणि ज्याला लागतं तो हसतो. वर्षातून एवढाच दिवस कायदा माझ्या बाजूने. बाजारातला सर्वांत मोठा हातोडा घेतला. सार्डिन भाजत होते तिथे सेआब्राबाई सापडल्या. मागून दोन हाणले, मनापासून. बाई वळल्या, "अगबाई, आजी तुम्ही" म्हणाल्या, आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. वर सार्डिनही खाऊ घातल्या. मी खाल्ल्या. रागाने खाल्ल्या.

२६ जून
निवड झाली.
कंपनीला म्हणे इतकी सरळ बोलणारी मुलगी आजवर भेटली नव्हती. पाचला घरी जाणार म्हटल्यावर साहेब म्हणाला, "मीही जातो." या लोकांचा देश समुद्रापेक्षा खाली आहे म्हणतात. पाणी कुठपर्यंत चढलंय ते आज कळलं.
दोष अर्थातच सेआब्राबाईंचा.

१५ जुलै
गुडघा दुखतो असं जाहीर केलं. माफाल्दाने डॉक्टर गाठला, या खेपेला औषधवाला. तो म्हणाला, "आजी, हा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा तरुण आहे." त्याचंही नाव लक्षात ठेवलं आहे.

३० ऑगस्ट
विमानतळ. मी रडले नाही. ती रडली. म्हणजे जिंकलं कोण ते उघड आहे.

५ सप्टेंबर
माझ्या सल्ल्याने नोकरी लागते, असं ओर्तेन्सियाने गल्लीभर केलं. आज दोन पोरं येऊन बसली, नुकतीच पास झालेली. दोघांना सेआब्राबाईंचाच सल्ला दिला. नम्र राहा, पगाराचं बोलू नका. राहतील बिचारी गावात.

१४ सप्टेंबर
रविवार. माफाल्दाचा फोन. तिकडे म्हणे दुपारच्या जेवणाला थंड पाव आणि चीज. चांगली अद्दल घडली म्हणणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "आजी, मी नापास व्हावं म्हणून सांगितलंस ना ते सगळं?"
आवाज तुटतोय, म्हटलं.
"मला तेव्हाच कळलं होतं. मी मनाशी ठरवलं, आजी म्हणते तसंच बोलायचं. नाही घेतलं तर तिच्यापाशी राहायचं. साहेब परवा सांगत होता, इतरांसारखी गोड गोड बोलली असतीस तर तुला घेतलंच नसतं."
आवाज तुटत नव्हता. अगदी शेजारच्या खोलीतून बोलावं तसा येत होता.
सूड मागे घेतलेला नाही. पण आता त्यासाठी पोर्तोला जायला नको. दोषी बाई घरातच सापडली.