पाणी मुरतंय, एवढंच म्हटलं

वन्सं यांस,

थोरल्या वहिनीचा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. वयाने लहान म्हणून आशीर्वाद, नणंद म्हणून नमस्कार. हवा तो ठेवून घ्या. गुडघा कसा आहे? माझी तब्येत बरी आहे. अक्षर सूनबाईचं. (मी सांगते तसंच लिही गं, पदरचं घालू नकोस.)

तुमचे धाकटे बंधू रुसून तुमच्याकडे आलेत, आणि सगळं वहिनीमुळे झालं असं सांगत असतील. तर ऐका. आमच्या दोन आळ्यांची विहीर एक, टाकी एक, आणि पाणी समितीचे अध्यक्ष भाऊजी. कोणत्या आळीला कधी पाणी सोडायचं ते सगळ्यांनी बसून ठरवलेलं, चावी फिरवायची भाऊजींनी. मागच्या बैठकीत जो तो कुरकुरत होता, की टाकी भरते आणि नळाला करंगळीएवढी धार येते. मी आपली कोपऱ्यातून म्हणाले, "भाऊजी, कुठेतरी पाणी मुरतंय." आता पाइप जमिनीखालून गेलाय, पाणी मुरणार नाही तर काय उडणार? पण वरच्या आळीचा शिंपी खुसकन हसला, आणि भाऊजींना वाटलं मी त्यांनाच चोर म्हटलं. उठले, चपला घातल्या (त्यातली एक शिंप्याची), आणि टाकीची चावी खिशात घालून तडक तुमच्याकडे.

तेव्हापासून पाणी पान्याने सोडतात. ज्याच्या हाती पाना, त्याच्या आळीला पाणी. शिंपी म्हणतो, विहिरीवर आपला वेगळा पंप बसवू. खालच्या आळीची सुईण म्हणते, मग आम्ही दोन बसवू. असे पंप बसले तर उन्हाळ्याआधीच तळ दिसेल. विहीर एकच आहे, हे दोघांनाही ठणकावणारा माणूस तुमच्या ओसरीवर चहा पितोय. पिऊ द्या. मी काही बोलावत नाही. बोलले की माझ्या बोलण्याचं काय होतं ते पाहिलंतच.

तुमची वहिनी

ता. क. लोक म्हणतात चावी मागवा. चावी लोहार नवी करून देईल, तुम्ही माणूस पाठवा. दोन्ही आळ्यांच्या शिव्या सारख्याच खाणारा दुसरा आमच्याकडे नाही.

आणखी एक. हे त्यांना वाचून दाखवू नका. काल खणून पाहिलं. पाणी मुरत होतं ते भाऊजींच्याच ओट्याखाली. पाइप जोडला, खड्डा बुजवला, आणि गळती माझ्या मोरीखाली सापडली असं सांगायचं ठरलं. पुरावा हवा म्हणून माझ्या मोरीपुढे नवा खड्डाही खणलाय. खणायला दोन्ही आळ्या आल्या होत्या.