सगळे मावतील असा कॅमेरा

४ मार्च
कॅमेरा घेतला. पत्त्यांच्या कॅटपेक्षा बारीक, शर्टाच्या खिशात बसतो. वाइड अँगल लेन्स. कितीही माणसं असोत, एका फ्रेममध्ये मावतात. बायकोने विचारलं, एवढी माणसं आणणार कुठून. तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. दादा आणि ताई. आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन कोणी न्यायचं यावरून दोघांनी बोलणं टाकलंय. शिवता दोघांनाही येत नाही. सतरा तारखेला माझा पन्नासावा वाढदिवस. दोघांना जेवायला बोलावणार, शेजारी शेजारी उभं करणार, फोटो काढणार. विषय संपला.

६ मार्च
माहितीपुस्तक वाचणार नाही. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं, भिंगातलं मला कोण शिकवणार.

६ मार्च, संध्याकाळ
चालू होत नाही. डिफेक्टिव्ह पीस.
मुलगी म्हणाली, बॅटरी उलटी आहे. माझ्या ते लक्षात येतच होतं.

९ मार्च
फेस डिटेक्शन. चेहरा दिसला की स्क्रीनवर हिरवी चौकट येते. दुकानात करून पाहिलं. गिऱ्हाइकांवर येत नाही, भिंतीवरच्या जाहिरातीतल्या बाईवर येते. मालक म्हणाले, आधी समोरच्या माणसाचा नंबर काढा. या माणसाला कशाची हौसच नाही.

१२ मार्च
दोघांना फोन केले. दादाने विचारलं, ती येणार आहे का. म्हटलं, नक्की नाही. ताईने विचारलं, तो असेल का. म्हटलं, बहुतेक नाही. दोघंही येताहेत. अशी कामं सगळ्यांना जमत नाहीत.

१५ मार्च
सेल्फ टायमर. बटण दाबायचं आणि धावत जाऊन उभं राहायचं. फोटोत माझी पाठ आली. पुन्हा पाठ. तिसऱ्यांदा सोफ्याच्या पायाला करंगळी आपटली. मी खाली बसलेलो, फोटोत नुसता सोफा. स्पष्ट आलाय मात्र.

१७ मार्च, संध्याकाळ
दादा-वहिनी आले, पाठोपाठ ताई. दोघांनीही आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं विसरणार नाही. ताबडतोब सोफ्यापुढे उभं केलं. मधे एक कपाट मावेल इतकं अंतर. वाइड अँगल आहे, हरकत नाही.
पहिल्या फोटोत फ्लॅश उडाला नाही. दुसऱ्यात दादाचे डोळे मिटलेले. मेनूत शिरलो तर भाषाच बदलली. कुठली ते कळेना, बाहेर पडता येईना. मी म्हणत होतो, हलू नका. जेवण गार होत होतं. दादा कुणाकडेही न बघता म्हणाला, हा लहानपणापासून असाच. ताई म्हणाली, रेडिओ खोलून ठेवला होता, तो आठवतो का. दादाला आठवत होता. मग सायकल निघाली. मग शाळेतलं नाटक, मी स्टेजवर रडलो ते. वहिनींना हे नवीन होतं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. हसता हसता दोघं सोफ्यावर बसली, एकमेकांना टेकून. नेमकं तेव्हा बटण दाबलं. बॅटरी संपली होती.
चार्ज होईपर्यंत थांबा म्हटलं. जेवायला बसले. नंतर दादा ताईला सोडायला गेला. मला कोणी हॅपी बर्थडे म्हटलं नाही.

२० मार्च
मुलीने मोबाइलवर त्या वेळी फोटो काढला होता म्हणे. सगळे पोट धरून हसताहेत. डावीकडे एक कोपर आहे, ते माझं.
दादाचा फोन. रविवारी ताई त्याच्याकडे जेवायला आहे. विचारलं, आम्ही किती वाजता येऊ. तो म्हणाला, या की, फक्त तो कॅमेरा घरी ठेव, ताईनेच सांगितलंय, इथेच बसलीय. मागे ताई हसत होती.
म्हटलं, बघतो, जमलं तर.