होडीवालीचा दुसरा शेवट

९ मार्च, सकाळ

ती. ताई,
नमस्कार.

"दार नुसतं लोटून घे, कडी घालू नकोस." हे वाक्य फार वर्षांपूर्वी आपल्या घरात कुणीतरी कुणाला तरी म्हणालं होतं. कोण, कुणाला, ते मागाहून लिहिते. तू तेव्हा लग्न होऊन गेली होतीस, त्यामुळे तुला ते माहीत असायचं काही कारण नाही. तरी वाचताना तुझा चेहरा कसा झाला, ते बघायला मी आत्ता तिथे असायला हवं होतं.

आधी खुशाली. आई बरी आहे. डोळ्यांचं आता काही होणार नाही, असं डॉक्टर पुन्हा एकदा म्हणाले आणि आईने त्यांना पुन्हा एकदा विचारलं, "मग दर महिन्याला बोलावता कशाला, मला बघायला?" गुडघे दुखतात, जेवण ठीक, माझ्यावरची कुरकुर नेहमीची. मी बरी. ऑफिसात, अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करतो त्या खोलीत, पंखा लावता येत नाही, म्हणून वाचणारे घामाघूम होऊन बाहेर येतात आणि माझ्याकडे असं बघतात, जणू उन्हाळा मीच मागवला आहे.

आता कामाचं. त्या धुक्याच्या कादंबऱ्यांचा शेवटचा भाग तू घरी वाचून पाठवलास त्याला महिना होईल. आमच्या अंध वाचकांत एवढी गडबड मी कधी पाहिली नव्हती. आधीचे सगळे भाग त्यांनी तुझ्याच आवाजात ऐकलेले. त्यांच्या लेखी होडीवाली म्हणजे तूच. ऑपरेटर काकू तुला आठवतात ना, टेलिफोन एक्स्चेंजात उभा जन्म काढलेल्या? त्यांचा फोन सगळ्यांत आधी. "आली बाई एकदाची परत. मी इतकी रडले की सून धावत आली. म्हणते, होडीसाठी कोण रडतं का?"

मीही रडले होते. नियमाने मी पुस्तक हातात धरून, ओळीवर बोट ठेवून तुझं वाचन तपासायचं असतं. या वेळी मी पुस्तक मिटून ठेवलं. वाटलं, इतकी वर्षं ज्या शेवटाची वाट पाहिली, तो एकदा तरी आपल्या वाचकांसारखा ऐकावा. तुझ्या वाचनात चूक कधी निघतच नाही, म्हणून मनाला टोचलंही नाही.

मग औषधाच्या दुकानात माझं भांडण झालं.

तो औषधवाला या पुस्तकांचा वेडा आहे, गल्ल्याशेजारी प्रत ठेवून असतो. आईच्या गोळ्या बांधता बांधता म्हणाला, "झालं का वाचून? घात केला ना लेखिकाबाईंनी? इतके भाग आपल्याला घाटावर बसवून ठेवलं, आणि शेवटी हातात काय, तर धुकं."

"धुकं कुठे? परत येते की ती," मी म्हटलं.

"कोण?"

"होडीवाली. म्हाताऱ्या कंदीलवाल्याच्या झोपडीत."

त्याने गोळ्या खाली ठेवल्या. "मॅडम, ती धुक्याचं दार पलीकडून लावून घेते आणि तिकडेच राहते. म्हातारा कंदील विझवतो. खलास."

"तुमच्या पुस्तकाचं शेवटचं पान गळलं असेल."

"आणि पेपरात पत्रं लिहून शिव्या घालतायत त्या सगळ्यांचंही तेच पान गळलं?"

माझ्यामागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ केविलवाणे होऊन म्हणाले, "अहो, जरा हळू. मी अजून चौथ्या भागात आहे."

घरी आले आणि चपला न काढता पुस्तक उघडलं. "म्हाताऱ्याने वात खाली केली. धुकं होतं तिथेच होतं." त्याखाली कोरं पान. वल्ह्यांचा आवाज नाही, ओली पावलं नाहीत, दार ढकललं जात नाही. तुझ्या तोंडून ऐकलेलं ते सगळं पुस्तकात नव्हतंच. ताई, किती बेमालूम लिहिलंस तू. लेखिकेचीच चाल, तिचीच छोटी वाक्यं. शिवण कुठे आहे ते मला पुस्तक समोर ठेवूनही सापडेना.

मी तुला फोन केला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. केला असता तर तू पहिल्याच वाक्याला आईची तब्येत विचारली असतीस आणि मी ती सांगत बसले असते.

मला वाटलं, हे तू आईसाठी केलंस. आई रोज दुपारी हा शेवट लावून बसते. तू आमच्या भल्यासाठी खोटं बोललीस, असं ठरवून मी गप्प राहणार होते. तेवढ्यात काकूंचा दुसरा फोन आला. पुतण्याने त्यांना छापलेला शेवट वाचून दाखवला होता. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "डोळसांना एक शेवट आणि आम्हाला दुसरा, असं असतं का गं? आम्हाला खरा सोसला नसता, असं वाटलं का तुम्हाला?"

त्यांचं बरोबर आहे. साहेबांना मी सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. त्यांनी तो भाग वाटपातून काढला. आता शेवटची पानं पुस्तकाबरहुकूम पुन्हा रेकॉर्ड व्हायला हवीत, आणि आवाज तुझाच हवा, कारण मधेच दुसरा आवाज आला तर लोक आणखी बिथरतील. हे साहेबांचं कामाचं पत्र तुला वेगळं येईलच.

माझं पत्र इथे संपायला हवं होतं.

पण तपासायचं म्हणून मी तो शेवट पुन्हा ऐकला, या वेळी हेडफोन लावून, कामाच्या कानांनी. एरवी आवाज घुमू नये म्हणून तू कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचतेस. तुझा आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा येतो, मी तो झोपेतही ओळखेन. शेवटच्या पानांना तसा नाही. मोकळ्या खोलीतला आहे. थोडा वर उचललेला. कुणाला तरी समोर बसवून वाचल्यासारखा.

भावजी गेल्यापासून तू एकटी राहतेस, असं आम्ही समजतो. मग आठवायला लागलं. दिवाणखान्यात हल्ली झोपता येत नाही, असं तू मागे म्हणाली होतीस. का, ते मी विचारलं नव्हतं. सुट्टीत आम्ही येतो म्हटलं, तर तुझ्याकडे रंगकाम निघालं. आणि आई घसरू नये म्हणून न्हाणीघरात उतरत्या फरशीच्या कोपऱ्यात दांडा बसवून घ्या, असा निरोप दिलास. ताई, आपल्या न्हाणीघराची फरशी कोणत्या कोपऱ्यात उतरती आहे, हे तुला कधी माहीत होतं? त्या कोपऱ्यात पडून लहानपणी हनुवटी कुणी फोडून घेतली होती, ते मला माहीत आहे.

तरी मी स्वतःला म्हटलं, संशयाला काय, कुठेही घर करतो.

परवा दुपारी आई ऐकत होती. मी शेजारी कपडे आवरत होते. म्हणाली, "जरा मागे घे."

मी मागे घेतलं. होडीवाली झोपडीचं दार ढकलते आणि म्हाताऱ्याला म्हणते, "दार नुसतं लोटलं होतंस, कडी नव्हती घातलीस. बरं केलंस." मी तिथून लावलं.

"एवढं नको. ती 'बरं केलंस' म्हणते ना, त्याच्या नंतरचं."

"नंतर काही नाही गं. ताई थांबली आहे नुसती."

"ते थांबणंच लाव."

लावलं. आई मान कलती करून बसली. मग पुन्हा लाव म्हणाली, मोठं कर म्हणाली. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "ताईकडे हल्ली कोण असतं?"

"कोणी नाही."

"हं," म्हणाली आणि पदराचा काठ सरळ करत बसली.

ती झोपल्यावर मी हेडफोन घातले. तुझ्या त्या थांबण्यात एक आवाज आहे. कपाच्या काठावर चमचा, दोनदा. टिक, टिक. चहा ढवळून झाल्यावर नाही. आपला दादा उत्तर द्यायचं नसलं की करायचा तसा. बाबा बोलत राहायचे आणि हा कपात बघत टिक, टिक. बाबांचा पारा तेवढ्यानेच चढायचा.

आता ते वाक्य. दादा घर सोडून गेला त्या सकाळी मी शाळेच्या गणवेशात दारात उभी होते. तो सायकल हातात धरून पायऱ्या उतरला, मागे वळला आणि मला म्हणाला, "दार नुसतं लोटून घे, कडी घालू नकोस." मला वाटलं, संध्याकाळी उशीर होणार असेल. जवळ दुसरं कुणी नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. त्याचे कपडे बाबांनी देऊन टाकले, फोटो आईने कुठेतरी ठेवले. माझ्या वाट्याला ते एक वाक्य आलं होतं आणि मला ते कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

ते तू होडीवालीच्या तोंडी घातलंस. म्हणजे त्याने तुला सांगितलं.

शेवट बदललास याचा मला राग नाही. तो तुझ्याकडे आला, माझ्याकडे नाही, याचा आहे. कडी न घालता मी इथे राहिले, बाबांचं सगळं केलं, आईचं करते आहे, आणि तो तुझ्या दिवाणखान्यात चहा पितो. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, राहू दे.

आज सकाळी दात घासताना मात्र एक सुचलं. तू तो शेवट आईसाठी केला नाहीसच. समोर बसलेल्यासाठी केलास. अंध वाचकांच्या, लेखिकेच्या, माझ्या नोकरीच्या जिवावर तू त्याला सांगत होतीस की परत गेलं तर दार उघडं आहे. आणि त्याने तुला उत्तर दिलं, टिक, टिक. म्हणून तू थांबलीस. तेवढं कापून मला पाठवता आलं असतं, एवढं रेकॉर्डिंग तुला येतं. तू कापलं नाहीस. ते माझ्यासाठी ठेवलंस का आईसाठी, की ऐकूच आलं नाही तुला? हे मला खरंच कळत नाही. आणि तू सांगशील त्यावर विश्वास ठेवेन असंही नाही.

आईच्या यंत्रातली प्रत मी पुसणार नाही. साहेबांना काय सांगायचं ते सांगेन. पण चमच्याच्या आवाजावर आईने किती दिवस काढायचे, ताई?

त्याला इकडे पाठव, असं मी म्हणत नाही. तशी शपथ त्याने तुझ्याकडून आधीच घेतली असेल. पत्ताही मागत नाही, तुझा आहेच माझ्याकडे, आणि दारात येऊन उभी राहण्याइतकी मी अजून शहाणी झालेली नाही. माझं मागणं लहान आहे.

छापलेला शेवट आता पुन्हा वाचायचाच आहे. सगळा तू वाच. फक्त शेवटची दोन वाक्यं, वात खाली केली ती आणि धुकं होतं तिथेच होतं ती, त्याला वाचू दे. त्यात कुणी परत येत नाही, म्हणजे त्याला काही कबूल करावं लागणार नाही. वाचकांसाठी ती दोन वाक्यंही तूच वाच. त्याची वेगळी पाठव, फक्त आपल्या घरासाठी. नाव सांगू नये. खोकला आला तर खोकू दे.

तू नाही म्हणशील. तो कप जवळ ओढेल. तरी विचारून बघ.

कडी मी अजून घालत नाही. आईला वाटतं, मी विसरते.

तुझी,
धाकटी