चांदण्या पंधरवड्यातला बांबू

मी, भागीरथी हिलाल साळुंके, वय एकावन्न, धंदा बुरूडकाम, राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे, ती शुक्रवारी काढणार आहेत. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे. शाळा तिसरीपर्यंत. मुकुंद मास्तर म्हणाले, "बाई, मी लिहून देतो." मी म्हटलं, "तुमचं लिहिलेलं मलाच समजायचं नाही." कायद्याचे शब्द तेवढे त्यांचे.

१) लिंबायतचं दोन खोल्यांचं घर मी सुपं-टोपल्या विकून घेतलं. माझ्याच नावावर आहे. दोन्ही खोल्या माझा मुलगा सुकदेव याला. पुढचा ओटा, जिथे बसून मी बांबू फोडते, तो त्याला नाही. तो कोणाला, ते खाली येईल.

२) पोस्टातली शिल्लक आणि चांदीचे वाळे सून मंगलाबाई हिला. ती मला कधी उलट बोलली नाही. वाळे घाल आणि आता तरी बोलायला शीक.

३) शेजारीण मालतीबाई हिला काही नाही. बुरडाच्या दारासमोर बसून प्लास्टिकच्या सुपात तांदूळ पाखडते आणि वर मला विचारते, "भागीरथीबाई, बरी आहेस ना?"

४) माझी सुरी. सासूने दिलेली, मूठ दोनदा बदलली, पातं तेच. ही सुरी माझी धाकटी जाऊ सरलाबाई धुडकू साळुंके, राहणार कडोदरा, हिला द्यावी. सुकदेव विचारील, "माय, जिला तू घरातून काढलं तिला?" म्हणून कारण लिहून ठेवते.

एकसष्ट साली लग्नसराई तोंडावर होती आणि घरात बांबू संपला होता. आमच्यात बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलाच घेतात. चांदण्यातला गोड असतो, त्याला भुंगा लागतो. व्याऱ्याच्या जंगलातून गाडी आली, बांबू ताजा तोडलेला. सरला म्हणाली, "जीजी, चांद वाढी राहिना, चांदना पंधरवडा शे. पंधरा दिन थांबा." मी म्हटलं, "माले नको शिकाडू." गाडी मी उतरवून घेतली. मी.

दीड महिन्यात सुपांतून भुंग्याने पोखरलेल्या बांबूचं पीठ गळायला लागलं. लग्नघरांतून सुपं परत आली. नवरीच्या ओटीचं सूप परत येणं म्हणजे काय, ते बुरडालाच कळतं. सगळी भावकी ओट्यावर जमली. कोणी बोलायच्या आत मी बोलले, की बांबू सरलाने पसंत केला. माझा आवाज मोठा, तिचा लहान. ती एवढंच म्हणाली, "बरं जीजी." त्याच आठवड्यात दोघं नवरा-बायको भांडी घेऊन कडोदऱ्याला गेली. माझ्या नवऱ्याला खरं माहीत होतं. तो मरेपर्यंत बोलला नाही, पण माझ्या हातच्या चहाला त्याने पुन्हा कधी "चांगला झाला" म्हटलं नाही.

तेरा वर्षं झाली. धुडकूभाऊजी वारले तेव्हा मी गेले होते. दारातूनच परत आले. सरला एकटीच आहे, हायवेच्या कडेला उन्हात बसून टोपल्या विणते.

५) म्हणून ओटा सरलाबाईला, ती जिवंत असेपर्यंत. सुकदेवला तिथे भिंत घालून लूम बसवायचा आहे. बसवू नये. सुकदेव, तू पाच दिवसांचा होतास, पाचवीच्या पूजेला तुला नव्या सुपात निजवलं. ते सूप सरलाने विणलं होतं. माळ्यावर आहे, काढून बघ. बावीस वर्षांत एक काडी सुटलेली नाही. त्यात निजलास, आता तिला सावली दे.

सुरी तिच्यापुढे ठेवावी आणि हे चौथं कलम मोठ्याने वाचावं. भावकी बोलावून वाचावं, कारण खोटं मी भावकीसमोरच बोलले होते. मी जगले तर स्वतः वाचीन. तिने सुरी घेतली नाही तर आग्रह करू नये. ओटा तरीही तिचाच.

६) माझ्या तिरडीचा बांबू सरलाबाईने पसंत करावा. चांदण्यातला असला तरी चालेल. त्याला भुंगा लागायला सवड नाही.

याआधी मी दुसरं काही लिहिलेलं नाही. जिला द्यायचं तिची साक्ष चालत नाही, असं मास्तर सांगतात. चालली असती तर सरलाचीच घेतली असती.

भागीरथी हिलाल साळुंके (सही स्वतःची, अंगठा नाही)

आमच्यासमोर सही केली:
१. मुकुंद दामले, शिक्षक
२. राघो बडगुजर, सुतार

लिंबायत, सुरत. बुधवार, १२ जून १९७४. ज्येष्ठ महिना, अंधारा पंधरवडा. या वेळी विचारून घेतलं.