दाखल्यापुरते आजारपण

८ नोव्हेंबर १९८२, सोमवार

साध्य : मुलीला परदेशातून येता यावे म्हणून बापाने आजारपणाचा खोटा दाखला घेणे अयोग्य आहे. या वहीत ते सिद्ध करावयाचे आहे.

वस्तुस्थिती अशी. रत्नाचे पत्र आज आले. तिचा नवरा वाल्मीक अमेरिकेचा नागरिक. त्याची पत्नी या नात्याने तिने तिथे कायम राहण्यासाठी अर्ज केला आहे. निकाल लागण्यापूर्वी तिने देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे धरतात. अपवाद एकच — आगाऊ परवानगी. ती तातडीच्या कौटुंबिक कारणासाठी मिळते. उदाहरणार्थ, आई-वडिलांचे गंभीर आजारपण. डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो.

तीन वर्षे झाली पोरीला पाहून. लग्न तिकडेच नोंदले. आमच्या वाट्याला फोटो आले.

शेवटी लिहिते, "आबा, आजारी पडू नका. पण पडणारच असाल तर या हिवाळ्यात पडा."

केशरला, रत्नाच्या आईला, वाचून दाखवले. म्हणाली, "मंग पडा की!" — चहात साखर अजून घालू का, असे विचारावे तितक्या सहज.

आधारविधान पहिले : दाखला सत्य असला पाहिजे. दुसरे : मी निरोगी आहे. निष्कर्ष उघड आहे.

१२ नोव्हेंबर

केशर मला खोटे बोलायला सांगत आहे. तीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला!

"जल्मभर खोटं साक्षीदार तपासलं. त्यांच्यापास्नं काईच शिकला न्हाईत व्हय?"

नंतर म्हणाली, "बरं, डाक्टरकडं तर चला. त्याला ठरवू द्या."

निकाल माहीत असताना कोर्टाचा वेळ घेऊ नये, असे मी सांगितले. "लई बरं," म्हणाली आणि भात पाखडायला गेली.

१७ नोव्हेंबर

पौडहून एस.टी.ने परत. थांब्यापासून घरापर्यंतचा चढ चालताना उंबराशी उभा राहून धरणाचे पाणी पाहिले. पुढे विहाराच्या पायरीवर बसून फळ्यावरची सूचना वाचली. सूचना गेल्या वर्षीची होती. पूर्ण वाचली.

२३ नोव्हेंबर

हैबतराव आले होते. आमचे शेजारी, माझे जुने अशील. केशरने बहुधा त्यांना आधीच पढवले असावे.

"वकीलसाहेब, माज्या बांधाच्या केशीत कंबर मोडली म्हनून तुमी तारीख मागून घेतली व्हती. आटवतंय?"

"तुमची कंबर खरोखरच मोडली होती."

"न्हवती की! भाताची लावनी व्हती. तुमाला सांगितलं असतं तर तुमी तारीख मागितली नसती."

बारा वर्षांनी कळले! केशरला हसू आवरेना; चहा बशीबाहेर. हा पुरावा प्रस्तुत मुद्द्याशी संबंधित नाही, असे मी नमूद केले. जाताना हैबतराव माझ्याकडे बघत राहिले. "पर तुमी सुकलाय बरं का, वकीलसाहेब."

बैल पाहणाऱ्या माणसाची नजर. माणसालाही तशीच लावतात.

४ डिसेंबर

रत्नाचे दुसरे पत्र. परवानगीचा अर्ज भरून ठेवला आहे, दाखल्यावाचून अडला आहे. मूळ अर्जाच्या निकालाला आणखी वर्षही लागू शकेल. पुढे एक विचित्र ओळ — "आबा, तुम्ही चढावर थांबता का?"

केशरची पत्रे आजवर मीच लिहीत आलो. या वेळी तिने हैबतरावांच्या सुनेकडून लिहवून घेतले, हे आज उघड झाले. मजकूर सांगत नाही.

रत्नाला उत्तर लिहिले : "थांबतो. निसर्ग पाहतो."

६ डिसेंबर

चैत्यभूमीला गेलो नाही. पंचवीस वर्षांत प्रथमच. कारण : प्रवासाचा कंटाळा. गावातल्या विहारात वंदना केली.

केशर आज एका शब्दानेही टोचून बोलली नाही.

११ डिसेंबर

आज साक्ष झाली. मी चिडून विचारले, तुझ्याकडे पुरावा काय?

"उंबर. मंग विहाराची पायरी. मंग हैबतरावांचा गोठा. आन् आता आपल्याच आडापाशी. दसऱ्याला दोनच व्हते. आता चार हायेत."

"काय चार?"

"तुमचं थांबनं."

उलटतपासणी घेतली. तू त्या वेळी कुठे होतीस?

"मागं. डोक्यावर पाटी घेऊन. तुमी थांबला की मी बी थांबते."

मी तर तुला कधी थांबलेली पाहिली नाही.

"कसं बघाल? मी चप्पल काढून खडा झाडत असते. लोकांनी म्हनावं, केसरच्या चपलेत खडा गेला, म्हनून वकील थांबलं."

मग म्हणालो, दर वेळी खडा कसा जाईल?

"न्हाईच जात. एकदाबी गेला न्हाई."

साक्षीदार फुटला नाही. डॉक्टरांकडे जाण्यास संमती दिली — मी निरोगी आहे हे एकदाचे सिद्ध व्हावे, एवढ्याच कारणासाठी.

१४ डिसेंबर

पौडच्या डॉक्टरांनी नळी लावली, जिना चढायला लावला, मग हृदयाचा आलेख काढला. मी पायऱ्या अकरा मोजल्या. ते माझा श्वास मोजत होते.

चढ बंद. गोळ्या सुरू. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे. शस्त्रक्रिया करायची की नाही, ते फेब्रुवारीत ठरेल. "जवळचं कुणी बाहेर असेल तर बोलावून घ्या," म्हणाले. केशर जमिनीकडे बघत होती.

दाखला त्यांनी मी न मागता लिहिला. मी वाचला आणि 'गंभीर' हा शब्द सौम्य करावा, अशी विनंती केली.

"वकीलसाहेब, तो सौम्य करूनच लिहिलाय."

परतीच्या गाडीत केशर खिडकीशी बसली. पिरंगुटचे कारखाने मागे गेले की ती नेहमी बोलायला लागते, म्हणून मी वाट पाहिली — मग लक्षात आले की आपण पौडहून मुळशीला चाललो आहोत, पिरंगुट वाटेत येतच नाही. हे इथे नोंदवतो, कारण असे माझे कधी होत नाही.

अखेर तीच म्हणाली, "जिंकले म्या. पर हरले असते तर बरं झालं असतं."

थांब्यावर उतरलो. हैबतरावांची बैलगाडी उभी होती. कुणी सांगितले, मी विचारले नाही.

१५ डिसेंबर

दाखला रजिस्टरने रत्नाकडे. सोबत पत्र : "आता निसर्ग पाहत नाही. बैलगाडीतून येतो."

२२ जानेवारी १९८३

तार आली. "परवानगी मिळाली. चार फेब्रुवारीला पोचते. रत्ना."

साध्याला बाध आलेला नाही. खोटा दाखला घेणे अयोग्यच. मी तो घेतलेला नाही. दुसरे आधारविधान मात्र मी कधी तपासलेच नव्हते, आणि त्यातून एक चूक घडली. ती कबूल करतो.

१२ नोव्हेंबरला मी लिहिले की केशर मला खोटे बोलायला सांगत आहे. ती खरे बोलायला सांगत होती.

सही
भिकाजी ओव्हाळ