ओळंब्याचा राग

प्रिय भिंगरी,

फोनवर तू अर्ध्या मिनिटात "हो म्हण आई, हो म्हण" करून मोकळी झालीस. तुझं बरं आहे. पडदे शिवणाऱ्या बाईला एका निवृत्त माणसाने "उरलेलं आयुष्य एकत्र काढू या का" असं विचारलं, की तुला आनंद दिसतो. मला आधी हेतू दिसतो. माणसाला हवंय तरी काय? स्वयंपाक? तो त्यांना माझ्यापेक्षा बरा येतो. घर? त्यांचं स्वतःचं आहे. सेवा? गुडघा माझा दुखतो, त्यांचा नाही. हेतू सापडत नाही म्हणून मी जास्त सावध आहे. जो हेतू दिसत नाही तो कुणीतरी नीट झाकून ठेवलेला असतो, असा माझा अनुभव.

तुला त्यांचा फक्त फोटो माहीत आहे, म्हणून ओळख करून देते. जमीनमोजणीच्या खात्यात नोकरी केली, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, रिकामं बसवत नाही म्हणून माझ्याकडे पडद्यांचे दांडे बसवायला यायला लागले. एक डोळा मिटून प्रत्येक दांडा सरळ आहे का बघतात आणि स्वतःही तसेच ताठ उभे राहतात, म्हणून माझ्याकडे शिवायला येणाऱ्या त्या दोघी जावांनी गवंडी भिंतीची सरळ रेष बघायला सोडतो त्या वजनाच्या दोरीवरून त्यांचं नाव ओळंबा ठेवलं. सुरुवातीपासून त्यांचं काम झालं की मी चुण्या नीट करायच्या निमित्ताने त्या घरी जायची आणि दांडे हलवून बघायची. एकही कधी हलला नाही. यावर थोरली म्हणाली, "ताई, तुम्ही माणूस पारखताय की चोर पकडताय?" तर धाकटी दोरा तोडता तोडता म्हणते, "आपल्या घरात दोन्ही एकच निघाले की गं."

मग दंतवैद्य बाईंचं काम आलं. गुडघा धरला होता म्हणून त्यांच्या दिवाणखान्याची मापं घ्यायला मी पहिल्यांदाच ओळंब्यांना एकटं पाठवलं. एरवी माप माझं, कापणं माझं आणि टेपही माझीच, ती पिवळी कापडी, तुझ्या जन्माआधीची. त्यांनी त्यांच्या पोलादी टेपने मापं आणली, मी माझ्या टेपने कापड कापलं. पडदे टांगले तर चांगले दोन बोटं जमिनीवर लोळत होते. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे पडदे आहेत की फरशी पुसायची फडकी?" मी पडद्यांकडे नाही, ओळंब्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार की मी असं माप दिलंच नव्हतं, तुमचंच डोकं ठिकाणावर नाही. तुझे वडील माझा चष्मा स्वतः फडताळात ठेवायचे आणि मला घरभर शोधायला लावायचे, तुला आठवत असेल. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की मीच ठेवते आणि मीच विसरते. ते घर सोडल्यापासून मी स्वतःच्या हाताने मोजल्याशिवाय कशावर भरवसा ठेवला नाही, ते त्यामुळेच.

ओळंबा म्हणाले, "मापं मी घेतली होती. आजच दुरुस्त करून देतो."

तू म्हणशील, झालं की मग! काही झालं नाही. चारचौघांत दोष अंगावर घेणारा माणूस मी पाहिलाय. तुझे वडील पाहुण्यांसमोर हसत म्हणायचे, "चूक माझीच, हिला काही बोलू नका," आणि दार लागलं की त्याची वसुली व्हायची. तेव्हा परतताना गाडीत मी वसुलीची वाट बघत बसले. ते रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत होते. दुकानात आल्यावर त्यांनी कापायच्या टेबलावर दोन्ही टेपांची टोकं एका टाचणीखाली धरली, टेपा शेजारी शेजारी पसरल्या आणि "तुम्ही बघा, मी चहा सांगून येतो" म्हणून निघून गेले. मी बघितलं. माझी टेप वापरून वापरून ताणली गेली होती. मोजायला तीच आणि कापायलाही तीच, त्यामुळे इतकी वर्षं चूक चुकीत जिरत होती. ते परत आल्यावर मी म्हटलं, "टेप माझी वाढली आहे." ते म्हणाले, "वय झालं की सगळंच सैल होतं. तुमचा स्वभाव सोडून." दोघी जावा मशीनवर डोकं टेकून हसल्या. मलाही हसू आलं, आणि आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. दोष का घेतला? उद्या कुठल्या गोष्टीसाठी मला त्याची आठवण करून देणार? मी येता-जाता विचारत राहिले. एका दुपारी त्यांचा संयम सुटला. "अहो बाई, किती वेळा तेच तेच! गिऱ्हाईक ताटकळत होतं, मापं मी घेतली होती, विषय संपला! मी काय गुन्हेगार आहे का?" आवाज चांगलाच चढला होता. हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला. मी काय केलं ते मला नंतर कळलं. माझी पाठ भिंतीला टेकली होती आणि हातात कापड कापायची मोठी कात्री होती. धाकटीने मशीन थांबवलं. ओळंब्यांनी कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते दारात उभे होते, तिथून बाजूला झाले आणि पार कोपऱ्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन घुम्यासारखे बसून राहिले. चहा आला तो घेतला नाही. निघताना "उद्या येतो" एवढंच म्हणाले, तेही चपलेकडे बघत.

घरी येऊन मी दाराला कडी लावली आणि वर खुर्चीही टेकवली. दुसऱ्या दिवशी ते आले, ते रागावलेलेच. दुपारपर्यंत राग उतरला आणि मग त्या रागाचं पुढे काहीच झालं नाही. भिंगरी, हे नीट वाच. काहीच झालं नाही. माफीची रडारड नाही, भेटवस्तू नाही, माझ्या शिवणीत अचानक खोट निघाली नाही, जावांच्या कानात माझ्याबद्दल काही गेलं नाही. मी कितीतरी दिवस शोधत होते. गोड बोलण्याचं मला कौतुक नाही, ते लग्नाआधी पोटभर ऐकून झालंय. राग मात्र फार जवळून ओळखते, आणि नुसता येऊन निघून जाणारा राग मी या वयात पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर त्यांच्या मागून दांडे हलवायला मी गेलेली नाही. जीव वरखाली होतो, पण जात नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्यांनी कात्रीबद्दल आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. पण ती कात्री हातात का आली हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासोबत मी एका घरात राहू शकणार नाही. म्हणून उत्तर देण्याआधी त्यांना सगळं सांगायचं ठरवलंय. हे मी तुझ्या मामालाही कधी सांगितलं नाही. सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा बघेन आणि मग हो की नाही ते ठरवेन. अडचण एवढीच, की ते घर माझ्या एकटीचं नव्हतं. जिन्यात पावलं वाजली की तू पलंगाखाली शिरायचीस आणि तिथून मोठमोठ्याने पाढे म्हणायचीस. पुष्कळ दिवस मला वाटायचं, भीतीने म्हणतेस. मग एकदा तूच सांगितलंस, "तुला कळावं ना आई, की मी इथेच आहे." ते तुझं आहे. तुला विचारल्याशिवाय मी ते कुणासमोर ठेवणार नाही, समोरचा माणूस कितीही सरळ असो. तू नाही म्हणालीस तर तेवढं वगळून सांगेन आणि तुला कारण विचारणार नाही. फक्त फोन करू नकोस, फोनवर तू माझ्या आनंदासाठी पटकन हो म्हणून टाकतेस. बसून विचार कर आणि दोन ओळी लिही. ओळंब्यांना मी म्हटलंय, मुलीचं पत्र येईपर्यंत थांबावं लागेल. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा भिंतीला भोक पाडायला लागले.

तुझीच, अजून पुरती न सुधारलेली,
आई